अस्पृश्यतेची न केलेली व्याख्या

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा अर्ज पुढे आला. जातीच्या रकान्यात त्याने ठळक अक्षरांत जात लिहिली होती, दाखलाही जोडला होता. अपंगत्वाचा रकाना मात्र कोरा होता. सहीसाठी तो टेबलाजवळ आला तेव्हा त्याचा हात दिसला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटे आत वळलेली, पेन अंगठ्याच्या आणि मुठीच्या आधाराने धरलेले. ती बोटे मला लहानपणापासून ओळखीची होती. मी हळूच विचारले, "औषध कधी घेतलंस?" तो म्हणाला, "आठवीत असताना, वर्षभर. आता काही नाही, सर." मग मी त्याला कायदा सांगू लागलो. कुष्ठरोगमुक्त माणसाला सवलती आहेत, परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, हा रकाना का सोडलास? तो खाली बघत म्हणाला, "सर, जात लिहायला मला काही वाटत नाही. हे लिहायला वाटतं."

अर्ज बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. ज्या समाजात जात लपवण्यासाठी माणसांनी आडनावे बदलली, शहरात खोली मिळवताना खोटे बोलले, त्या समाजातला हा मुलगा जात लिहायला काही वाटत नाही असे सहज म्हणत होता. त्या सहजपणामागे महाडचे तळे आहे, नाशिकचा पाच वर्षांचा सत्याग्रह आहे, १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी आहे. शंभर वर्षांच्या चळवळीने त्याची एका बाजूची मान ताठ केली होती. दुसरी बाजू वाकलेलीच राहिली. ती तशी का राहिली, याचा शोध घेणे इतिहास शिकवणारा म्हणून माझे काम आहे. आणि आमच्या घराचा हिशेब तर माझ्यावर आहेच.

आधी तो घरचा हिशेब सांगतो. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणत असू. नाना वस्तीत राहत नसत. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला. गावाबाहेर आमची वस्ती, आणि वस्तीबाहेर बाभळीच्या आडोशाला नानांची झोपडी. गावाने आम्हांला जेवढ्या अंतरावर ठेवले होते, जवळपास तेवढ्याच अंतरावर आम्ही त्यांना ठेवले होते. १९७२ च्या दुष्काळी कामात आमच्या वस्तीला स्वतःची विहीर मिळाली होती. तोपर्यंत गावच्या विहिरीवर कुणी वाढील म्हणून आमच्या बायका घागरी घेऊन तासन्‌तास उभ्या राहत. ती विहीर झाली तेव्हा वस्तीत गूळ वाटला गेला, असे वडील सांगत. पण त्या विहिरीवर नाना चढू शकत नसत. लांब थांबून हाक मारीत. माझी आजी पोहरा घेऊन जाई आणि म्हणे, "भावजी, तांब्या खाली ठेवा, वरनं वतते." नाना तांब्या ठेवून चार पावले मागे सरत. आजी वरून पाणी सोडी. मी सात-आठ वर्षांचा असेन, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आजी दुष्ट नव्हती. तिच्या तरुणपणी तिच्याही ओंजळीत असेच वरून पाणी पडले होते. ती जे शिकली होती तेच करीत होती.

शाळेत आणखी एक गोष्ट झाली. त्या काळी पुस्तकांत आणि बोलण्यात 'महारोग' हाच शब्द होता. वर्गातल्या एका मुलाने मला सांगितले, "महारांना होतो तो महारोग." मी ते खरे मानले. महा म्हणजे मोठा, मोठा रोग तो महारोग, एवढी साधी फोड करण्याइतके संस्कृत मला कुणी शिकवले नव्हते. कितीतरी वर्षे माझी समजूत होती की नानांचा आजार आपल्या जातीचा आहे. शब्दाचा अर्थ कळल्यावर मला हायसे वाटले. आज त्या हायसे वाटण्याची लाज वाटते. रोग आपल्या जातीचा नाही एवढ्यावर मी सुटलो होतो. नाना होते तिथेच होते.

जात आणि रोग यांची ही सांगड त्या मुलाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा कुणाला द्यायचा नाही याची यादी आहे. तीत नपुंसक आणि पतित आहेत, जन्मांध आणि बहिरा आहेत, वेडा, जड आणि मुका आहेत. ज्याला समाजाने बाहेर टाकले तो पतित आणि ज्याचे डोळे जन्मतः गेले तो आंधळा, दोघे एकाच यादीत. पुढच्या धर्मशास्त्रकारांनी तीत असाध्य रोग्यांची भर घातली, त्यांत कुष्ठी आला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जळाली तेव्हा आपण आपल्या जातीचा अपमान जाळला असे समजतो. ते खरेच आहे. पण त्या पोथीत आंधळ्याचा, बहिऱ्याचा, मुक्याचाही अपमान होता. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, वारसाहक्कातील ही अपात्रता दूर करणारा कायदा इंग्रज सरकारच्या केंद्रीय विधिमंडळात झाला. जन्मजात वेडा आणि जड यांच्याखेरीज इतरांना रोग किंवा व्यंग यामुळे वारशातून वगळता येणार नाही असे त्याने ठरवले. या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्याची सवय आपल्याला लागली नाही.

आता इंग्रजांच्या कायद्याकडे येतो, कारण नानांची झोपडी जितकी मनूने बांधली तितकीच या कायद्यानेही बांधली. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. १८८९ साली हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांत राहणारे पाद्री डेमियन त्याच रोगाने वारले आणि सगळ्या युरोपात घबराट पसरली. या गोऱ्या माणसाच्या मृत्यूनंतर इंग्लंडात निधी जमला, एक आयोग हिंदुस्थानात आला आणि १८९० आणि १८९१ या दोन वर्षांत देशभर फिरला. त्याचा निष्कर्ष असा होता की रोग आनुवंशिक नाही, आणि त्याचा संसर्ग अगदी अल्प प्रमाणात होतो. तेव्हा सक्तीने सर्वांना कोंडण्याची गरज नाही. असे असतानाही १८९८ साली लेपर्स ॲक्ट झाला.

या कायद्याची गंमत अशी की तो सगळ्या कुष्ठरोग्यांवर सारखा पडत नव्हता. पोलिसाला वॉरंटाशिवाय पकडता येत होते ते 'निर्धन' कुष्ठरोग्याला. निर्धन कोण? जो उघड्यावर भीक मागतो, किंवा ज्याला उपजीविकेचे दृश्य साधन नसताना जो मोकळा हिंडतो. मॅजिस्ट्रेट त्याला आश्रयगृहात पाठवी आणि वरून हुकूम होईपर्यंत तो तिथे राही. एखादा नातलग किंवा मित्र जामीन राहिला तर सुटका होई. म्हणजे वाडा असलेल्या सावकाराला हा रोग झाला तर तो माडीवर राहून औषध घेई. वाटेवर बसलेल्याला झाला तर पोलीस नेई. जंतू तोच, कायदा निराळा. ज्या आयोगाने संसर्ग अल्प म्हटले त्यानेच बाजारात हिंडणाऱ्या आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्या रोग्यांना आवर घालावा असे सुचवले होते, हेही सांगितले पाहिजे. शास्त्राने जे नाकारले ते नगराच्या नीटनेटकेपणाच्या नावाने परत आले.

मुंबईत तर हे त्याआधीच घडले होते. १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांचे आश्रयगृह सुरू झाले. ते उभारणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ. पुढे त्यांचेच नाव त्या संस्थेला मिळाले; वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय म्हणून मुंबईकर ते ओळखतात. हेच ॲक्वर्थ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असतात. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी मराठी पोवाडे गोळा केले आणि १८९१ साली छापले. पोवाडा आमच्या शाहिरांच्या गळ्यातला. त्या गळ्यावर या साहेबाचे मनापासून प्रेम होते आणि रस्त्यावरचा महारोगी हलवावा असेही त्याला मनापासून वाटत होते. रस्त्यावर कुजत पडलेल्यांना त्याने छप्पर, अन्न आणि मलमपट्टी दिली, हे खोटे नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या. लोकांच्या गाण्यावर प्रेम करणाऱ्याला गाणाऱ्यांचे रस्त्यावर असणे सोसतेच असे नाही. आपल्याकडच्या लोकसाहित्याच्या कितीतरी संग्राहकांविषयी हेच म्हणता येईल. पण तो विषय निराळा.

१८९८ च्या कायद्यातले कलम ९ मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला घाम फुटला. सरकारने अधिसूचना काढली की त्या भागात कुष्ठरोग्याला खाण्यापिण्याचे पदार्थ, औषधे किंवा कपडे विकता येणार नाहीत. भाड्याच्या गाडीत बसता किंवा ती हाकता येणार नाही. त्यातून फक्त आगगाडी वगळली होती. आणि स्थानिक नियमाने बंदी केलेल्या सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर त्याला आंघोळ करता येणार नाही, कपडे धुता येणार नाहीत, पाणी घेता येणार नाही.

सार्वजनिक विहीर आणि तळे! हे शब्द आपल्याला वेगळ्या संदर्भात पाठ आहेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला आणि अंमल केला नाही. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. तळ्याचा दावा दहा वर्षे चालून मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकालात निघाला. या सगळ्या काळात तोच 'सार्वजनिक पाणवठा' दुसऱ्या एका माणसाला बंद करण्याची तरतूद त्याच सरकारच्या कायदेपुस्तकात होती. एका कागदावर पाणवठा उघडत होता, दुसऱ्या कागदावर बंद होत होता. आणि एखादा माणूस दोन्ही कागदांवर असेल तर? महार आणि महारोगी? त्याच्यासाठी कुणी सत्याग्रह केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता घटना समितीकडे येतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेला आले. मसुद्यात ते अकरावे होते, पुढे सतरावे झाले. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे, असा त्याचा आशय आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. नझीरुद्दीन अहमद नावाच्या सभासदांनी उपसूचना मांडली की धर्म किंवा जात या कारणावरून कुणाला अस्पृश्य मानू नये, असे म्हणा. त्यांचे म्हणणे, हा शब्द मोघम आहे. साथीच्या किंवा सांसर्गिक रोगाचा माणूसही अस्पृश्यच म्हणावा लागेल. के. टी. शहांनीही शब्दाची व्याख्या नाही याकडे लक्ष वेधले. विशिष्ट दिवसांतल्या स्त्रियांचे आणि प्रेतयात्रेला जाऊन आलेल्यांचे उदाहरण दिले. बाबासाहेबांनी सांगितले की अहमद यांची उपसूचना मला स्वीकारता येत नाही. शहांना उत्तर द्यायचे आहे का असे अध्यक्षांनी विचारले, तर ते नाही म्हणाले. कलम मंजूर झाले. सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयघोष झाला.

मी हा वृत्तांत अनेकदा वाचला आहे. बाबासाहेबांनी कारण दिले नाही. त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा आव मी आणणार नाही. आपल्याकडे तो आव पुष्कळ जण आणतात. पण नोंद स्पष्ट आहे. 'धर्म किंवा जात' या दोन शब्दांचे कुंपण घालण्याची संधी होती आणि ती मुद्दाम नाकारली गेली. 'कोणत्याही स्वरूपातील' हे शब्द राहिले.

कुंपण पुढे न्यायालयांनी घातले. १९५८ साली म्हैसूर हायकोर्टाने ठरवले की सतराव्या कलमातली अस्पृश्यता शब्दशः घ्यायची नाही. या देशात जन्मामुळे इतिहासात जी रूढ झाली तीच घ्यायची. या अर्थाने आपला प्रश्न ठळक झाला, आपल्या हातात हत्यार आले, म्हणून आपल्याला त्याचे काही वाटले नाही. तो निकाल आपल्या बाजूचाच वाटला. रोगामुळे वाळीत पडलेला माणूस त्या दिवशी घटनेच्या बाहेर राहिला, हे कुणी मोजले नाही. साठ वर्षांनी, २०१८ च्या शबरीमला निकालात, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी १९४८ ची ती चर्चा पुन्हा काढली आणि व्याख्या न करणे हे मुद्दाम होते, कलमाचा आवाका जातीपुरता नाही, असे लिहिले. त्याच खंडपीठावर न्या. इंदू मल्होत्रा यांनी जातीपुरताच अर्थ धरला. वाद अजून मिटलेला नाही.

कुंपणाबाहेर काय घडत राहिले त्याचा एक दाखला पुरे. ओरिसाच्या १९५० च्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग्याला निवडणुकीला उभे राहता येत नव्हते. धीरेंद्र पांडुआ लोकांच्या मतांनी नगरपालिकेवर निवडून आले आणि या कारणावरून अपात्र ठरले. २००८ साली सुप्रीम कोर्टाने ती अपात्रता वैध धरली. औषधोपचार इतके पुढे गेले असताना अशा तरतुदी ठेवाव्यात का याचा कायदेमंडळाने विचार करावा, एवढे सुचवले. २००८ म्हणजे कालपरवाची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, की रोग बरा. पहिल्या मात्रेनंतर लवकरच माणसाकडून इतरांना धोका उरत नाही. मागे राहते ती मज्जातंतूंची हानी, बधिर तळवा, वळलेली बोटे. रोग जातो, व्यंग राहते आणि लोक व्यंगालाच रोग समजतात.

१९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याविषयीही बोलले पाहिजे. भीक मिळवण्यासाठी जखम, व्यंग किंवा रोग उघडा दाखवणे म्हणजे भीक मागणे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी वावरणे म्हणजेही भीक मागणे. हे 'दृश्य साधन' १८९८ चेच नव्हे काय? पहिल्यांदा पकडल्यावर एक ते तीन वर्षे डांबण्याची तरतूद, आणि पकडलेल्यांत कुष्ठरोगी निघाला तर त्याला कुष्ठालयात पाठवण्याचे वेगळे कलम. हा कायदा दिल्लीलाही लावला होता. तिथे ऑगस्ट २०१८ मध्ये हायकोर्टाने त्याची मुख्य कलमे रद्द केली. नाना पंढरीच्या वारीत वाळवंटात बसत. एकदा गाडीत घालून नेले ते वर्षभराने परत आले. आल्यावर त्यांनी काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

आपल्या राज्यात या रोग्यांसाठी मोठी माणसे उभी राहिली. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभारले, बाबा आमट्यांनी त्यानंतर वरोऱ्याला आनंदवन. आनंदवनाने भिक्षेऐवजी श्रमाची भाकरी दिली, त्याचा मान मी राखतो. तरीही 'सेवा' हा शब्द आला की आपल्या लोकांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. १९३२ नंतर आपलीही सेवा करायला संघ निघाला होता. सेवेत सेवक मोठा होतो, त्याचे चरित्र लिहिले जाते. ज्याची सेवा होते त्याला नाव नसते. कुष्ठरोग्याच्या हाती हक्काचा कागद यायला १९९५ उजाडले. त्या वर्षीच्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांत 'कुष्ठरोगमुक्त' हा प्रकार आला. नोकरीतल्या तीन टक्क्यांच्या वाटणीत मात्र त्याचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते घातले. १८९८ चा कायदा केंद्राच्या पुस्तकातून गेला तोही २०१६ साली. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याचे कारण विवाहाच्या कायद्यांतून निघाले ते २०१९ साली. देशाने २००५ साली रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण एवढाच. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही आपल्याच देशात सापडतात.

आपण बौद्ध आहोत, म्हणून तिथेही पाहिले पाहिजे. उदानात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठ्याची कथा आहे. राजगृहातला हा दरिद्री माणूस गर्दी पाहून अन्न वाटत असतील म्हणून आला आणि धम्म ऐकून गेला. त्या सभेत धम्म समजण्याची पात्रता भगवंतांनी त्याच्यातच पाहिली. ही कथा आपल्या विहारांतून सांगितली गेली पाहिजे. पण विनयात अशीही नोंद आहे की कुष्ठासह पाच रोग असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये. जीवकाकडून उपचार मिळावा म्हणून रोगी संघात शिरू लागले, असे कारण दिले आहे. पहिली सांगून दुसरी झाकणे मला जमणार नाही.

नाना मी शाळेत असताना गेले. वस्तीतली चार माणसे मातीला आली. त्यांचा पितळी तांब्या कुणी घरात घेतला नाही. वडिलांना मी अलीकडे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बाभळीखालीच राहिला असंल." विहिरीवर आता जाळी आहे, पाणी नळाने येते.

त्या मुलाने शेवटी रकाना भरला. मी भरायला लावला असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल, आणि मी चूक केली की बरोबर हे मला अजून ठरवता आलेले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा जाऊन त्याने अपंगत्वाचा दाखला आणला. परीक्षेत त्याला तासाला वीस मिनिटे जादा मिळाली. लेखनिक त्याने घेतला नाही, स्वतःच लिहिले. दाखला द्यायला तो कार्यालयात गेला तेव्हा मी शेजारीच होतो. कारकुनाने कागदाचा कोपरा दोन बोटांनी धरून तो टेबलावर सरकवला आणि मग रुमालाला बोटे पुसली. ते मी पाहिले. मी पाहिले हे मुलाने पाहिले. कारकून आपल्याच समाजातला आहे. दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढे असतो.